कोपर सरळ

कारखान्यातली सकाळची शिफ्ट करून आमच्या कॉलनीतले एक काका संध्याकाळी सेक्टरच्या मैदानावर बास्केटबॉलचे रेफरी व्हायचे. त्या काळी फाऊल करणाऱ्याला हात वर करावा लागे. यांना तो कोपरात सरळच हवा असे. पुन्हा करायला लावायचे.

एकदा फाऊल आमच्या एका कच्च्या नेमाच्या गड्यावर झाला. फ्री थ्रो त्यानेच मारायचे, पण मीच गुपचूप रेषेवर उभा राहिलो. यांनी बॉल माझ्या हातात दिला. दोन्ही बास्केट पडल्यावर यांच्या लक्षात आलं. दोन्ही गुण रद्द केले आणि स्कोररकडे वळून स्वतःचाच हात वर केला. कोपर सरळ.

“बॉल तं तुमीच देला ना मले?” मी म्हणालो.

“देला. गलती माही हाये, म्हणून हात वर करून राहिलो. तुहा कुठी हाये?”

माझे दोन्ही हात कमरेवर होते.