पहिला स्वर माझा होता

मी जाफराबादला शाळेत विज्ञान शिकवते आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीनं जालन्याला गायला जाते. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये आम्ही आठ जण जमतो. युरोपातली चार-पाचशे वर्षांपूर्वीची समूहगीतं गातो. पेटी नाही, तबला नाही, नुसते आठ गळे, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. शब्द लॅटिन. ऐकणाऱ्यांना ते कळत नाहीत, म्हणून चूकही फारशी कळत नाही. मी त्या आडोशाला गात होते.

यंदा आमच्यासाठी नवं गाणं लिहून आलं. आम्हाला शिकवणाऱ्या सरांचा एक जुना विद्यार्थी परदेशात संगीत रचतो. त्यानं जुन्या समूहगीतांच्याच पद्धतीनं रचना केली होती, पण मराठीत. शब्द त्याच्या आईचे, फोनवर ती रोज विचारते ते: ‘पोचलास का? जेवलास का?’ पहिली ओळ मी एकटीनं म्हणायची आणि शेवटचा ‘का’ धरून ठेवायचा. मग बाकीचे सात आवाज त्याला अगदी चिकटून, टोचत, वर चढत जातात. माझा स्वर ढळला की सगळेच ढळणार.

“सर, दुसऱ्या कुणाला द्या,” मी म्हणाले.

“आपलं रेकॉर्डिंग ऐकून तुमच्याच आवाजासाठी लिहिलंय त्यानं मॅडम,” सर म्हणाले. ते ऐकून माझी भीती वाढलीच.

कार्यक्रम त्याच चर्चमध्ये होता. रचनाकाराला येता आलं नव्हतं. त्याची आई मात्र कुंभार पिंपळगावहून आली आणि पहिल्या बाकावर, माझ्यासमोर बसली. तिचेच शब्द तिच्या तोंडावर म्हणायचे होते.

सरांनी सूर देणारा नादकाटा गुडघ्यावर वाजवून माझ्या कानाशी धरला. शाळेत ध्वनी शिकवताना मी असाच नादकाटा मुलांच्या हातात देते. नेमकी तेव्हाच बाहेरच्या रस्त्यावरून लग्नाची वरात निघाली. बँडच्या आवाजात काट्याचा स्वर बुडाला. सर मला खुणावत होते. स्वर परत मागायची लाज वाटली. मी अंदाजानं सुरुवात केली.

शेजारी आमच्यातलीच एक नर्स उभी होती; ती सगळ्यात उंच आवाज लावते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, मी फार वरून उचललंय. शेवटी तिला जिथं पोचायचं होतं, तिथं आता कुणाचाच गळा पोचणार नव्हता. तरी ती निघाली, सगळेच निघाले. ‘का’ थरथरायला लागला.

मी थांबले. एकेक आवाज बंद पडला.

“माझं चुकलं,” मी म्हणाले.

पहिल्या बाकावरून आवाज आला, “मंग काय झालं? म्हन परत. आमी हाव ना बसलेलो.”

वरात लांब जाईपर्यंत सरांनी वाट पाहिली. काटा परत वाजवला. या वेळी मी तो नीट ऐकला. भीती कमी झाली नव्हती. पण स्वर बरोबर होता, आणि तो धरून ठेवण्यापलीकडे मला काही करायचं नव्हतं. गाणं शेवटापर्यंत गेलं.

नंतर रचनाकाराच्या आईनं व्हरांड्यात माझा हात धरला. “चांगलं म्हनलंस. पन मी इतकं लांबवून न्हाई इचारत. जल्दी इचारून टाकते.”

“का हो?”

“भ्याव वाटतं. उत्तर येईस्तवर जीव थाऱ्यावर न्हाई राहत.”

आतून नर्स हाक मारत होती. चहा आला होता. मी त्यांना घेऊन आत गेले. पुढच्या महिन्यात हेच गाणं परत आहे, असं सर कपबशा वाटता वाटता सांगत होते, आणि मी जल्दी विचारून टाकलं, “पहिला स्वर माझाच का?”