जुलियाना टीचरांचा ब्राझील

आगाशीच्या जुलियाना टीचरांना विरार स्टेशनाचं पूर्व-पश्चिम अजून नीट उमगलेलं नाही. पण डोळे बांधून ब्राझीलमध्ये सोडलं, तर बाई मनौसहून साओ पावलोला कुणालाही न विचारता पोहोचतील, असं त्यांचे यजमान ॲन्सेल्म सांगतात. कौतुकानं सांगतात, आणि थोडं वैतागूनही. कारण दहावीच्या भूगोलात ब्राझील आल्यापासून त्यांना जेवतानासुद्धा तिथलं ऊस आणि कॉफीचं उत्पादन ऐकावं लागतं.

टीचर मुंबईच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. पण फळ्याकडे पाठ करून, मुलांवर डोळे ठेवून, एका हातानं ब्राझीलचा नकाशा काढतात. त्यांच्या मते तो देश पूर्णपणे समजलेला होता, आता फक्त मुलांनी तो पाठ करायचा बाकी होता.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वॉल्टरचा फोन आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी. भूगोलात कसाबसा काठावर पास झालेला. आता गोखिवऱ्यात त्याचा फळं सुकवायची यंत्रं बनवायचा कारखाना आहे.

"टीचर, एक गिऱ्हाईक आलंय. त्याला आगाशीची सुकेळी बघायचीयत, तुमच्या वाडीत केळी वाळवतात ना, ती. उद्या तुमच्याकडे आणू का?"

"आण की. कुठला आहे?"

"ब्राझीलचा."

टीचर फोन तसाच टेबलावर ठेवून नकाशा शोधायला धावल्या. वॉल्टरला वाटलं, फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी टीचरांनी चांगली साडी नेसली आणि इस्त्रीच्या घडीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. पाहुण्याचं नाव जोसेनिल्दो. बुटका, काळासावळा, मिशाळ माणूस. तो नालासोपाऱ्याच्या बसमधून उतरला असता, तरी कुणी वळून पाहिलं नसतं. इंग्रजी टीचरांपेक्षा कच्चं, त्यामुळे टीचरांना धीर आला.

"अमेझॉनच्या जंगलात तुम्ही किती वेळा गेलात?" पाणी द्यायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही. फार लांब आहे हो."

"बरं, तुमच्या देशाला दक्षिण अमेरिकेतल्या कोणत्या दोन देशांची सीमा लागत नाही?"

जोसेनिल्दोनं छताकडे पाहिलं. मग वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टरनं सवयीनं मान खाली घातली.

"चिली आणि इक्वेडोर," टीचर म्हणाल्या. "दरवर्षी हमखास येतो हा प्रश्न."

ॲन्सेल्मनी पाहुण्याला हाताला धरून मागच्या वाडीत नेलं, म्हणून तो वाचला. तिथं सोललेली राजेळी केळी मांडवावर उन्हात वाळत होती. जोसेनिल्दोनं एक सुकेळं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. पलीकडच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाला, "काजू!"

"यांना मराठी येतं?" ॲन्सेल्म चकित.

"आमच्याकडेही काजूच म्हणतात. झाड मूळचं आमच्याकडचंच."

ॲन्सेल्मना हे मुळीच पटलं नाही. ते झाड त्यांच्या आज्यानं लावलेलं होतं.

टीचरांनी मात्र हा पाहुणा वर्गात नेण्याचं ठरवून टाकलं होतं. मुख्याध्यापिकांची परवानगी रात्रीतून मिळवली, आणि सकाळी जोसेनिल्दो दहावी 'ब'समोर उभा राहिला. मुलांनी प्रश्नांची सरबत्ती केली. फुटबॉल? "मला जमत नाही, लहानपणी गोलकीपर करायचे." कार्निव्हल? "टीव्हीवर बघतो." नवी राजधानी कोणत्या साली झाली? "माझ्या जन्माच्या आधी." मागच्या बाकावर खसखस पिकली. टीचरांचा चेहरा उतरत चालला. इतका देखणा देश, आणि त्यातून नेमका हा नमुना यावा!

"निदान राहता कुठे, ते तरी सांगा," त्या म्हणाल्या.

त्यानं फळ्यावरच्या नकाशात ईशान्येला बोट टेकवलं. सेआरा राज्याच्या आतला भाग.

"अवर्षण चतुष्कोन!" टीचर जवळजवळ ओरडल्याच. कोरड्या प्रदेशाचं पुस्तकातलं नाव. तिथला जिवंत माणूस आपल्या वर्गात उभा असल्याचा त्यांना कोण आनंद झाला.

"तिथं पाऊस किती पडतो?" पिंकी नावाच्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. तिला आकडा हवा होता.

जोसेनिल्दो म्हणाला, "मी पाच वर्षांचा होतो, तेव्हा पडलाच नाही. आई काटे जाळून निवडुंग शेळ्यांना घालायची. मग शेळ्याही संपल्या. आम्ही सातजण ट्रकमध्ये बसून साओ पावलोला गेलो. बाबा इमारतींवर काम करायचे. पुढे गावाकडे धरण झालं, कालवा आला, तेव्हा मी परत गेलो. आता केळी लावतो. जास्त पिकली की वाया जातात, म्हणून हे यंत्र."

'ईशान्येकडून आग्नेयेकडे स्थलांतर, कारणे लिहा' हा प्रश्न टीचर दोन मार्कांत शिकवत आल्या होत्या. त्यात शेळ्या नव्हत्या.

"तुम्ही सगळे इथलेच?" जोसेनिल्दोनं मुलांना विचारलं.

पाचच हात वर झाले. बाकीच्यांचं कुणाचं सावंतवाडी, कुणाचं माण, कुणाचं जौनपूर. सगळे विरारच्या नव्या टॉवरांतून आलेले.

"म्हणजे तुम्हीही ट्रकवालेच की," तो म्हणाला, आणि वर्ग मोकळा हसला.

पिंकीचा हात अजून वरच होता. "टीचर, परीक्षेत सरांचं लिहायचं की पुस्तकातलं?"

टीचरांनी आधी फळ्यावरच्या नकाशाकडे पाहिलं, मग जोसेनिल्दोकडे.

"पुस्तकातलं," त्या शेवटी म्हणाल्या. सगळ्यात मोठ्यानं जोसेनिल्दोच हसला.

निघायच्या दिवशी ॲन्सेल्मनी त्याला बजावलं, "यंत्रातल्या सुकेळ्याला उन्हाची चव यायची नाही." वॉल्टर कपाळाला हात लावून बसला. पण जोसेनिल्दोनं यंत्र घेतलंच, आणि वर सुकेळ्यांचे चार पुडेही.

मार्चमध्ये त्याच्याकडून एक व्हिडिओ आला. अंगणात धो धो पाऊस, आणि दारात त्याची म्हातारी आई नुसती बघत उभी. टीचरांनी तो ॲन्सेल्मना तीनदा दाखवला. उत्पादनाचा आकडा एकदाही सांगितला नाही.

नव्या वर्षी स्थलांतराचा धडा आला, तेव्हा त्यांनी मुलांना सांगितलं, "आपापल्या घरचं विचारून या. कोण आलं, कुठून, का." दोन मार्कांच्या प्रश्नाला तीन तास गेले. एका मुलानं तर आजोबाच वर्गात आणले, आणि त्यांना आवरता आवरेना. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मुख्याध्यापिकांनी बोलावून समज दिली. टीचरांनी मनापासून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी चौथा तासही त्यातच घालवला.