अकरा खेपा
निळ्या ड्रममधल्या शिळ्या पाण्याचा वास आला की बीड बायपासवरच्या नव्या इमारतीतला तो तिसरा मजला आठवतो. दुष्काळाचं साल होतं, भर दुपार होती. पुरुषांनी पुरुषांना भेटायच्या ॲपवर तिथं राहणाऱ्यानं माझं नाव विचारलंच नव्हतं. उंची, वजन आणि अंथरुणात काय जमतं, एवढंच विचारलं होतं. मीही चार वर्षांपूर्वीचा फोटो पाठवला होता. दार उघडल्यावर त्याची नजर माझ्या पोटाशी थांबली. "फोटोत तर लई बारीक होतास," तो म्हणाला. मी उगाच हसलो. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. "आलाच आहेस तर बादल्या चढवू लाग." लिफ्ट अजून बसवलेली नव्हती. मी अकरा खेपा केल्या, आणि जिन्यात तो समोरून उतरताना दिसला की दर वेळी श्वास रोखून पोट आत ओढलं. ड्रम भरल्यावर त्यानं मला दारातच तांब्याभर पाणी दिलं, "अंगात ताकद हाय गड्या," म्हणाला आणि दार लावून घेतलं. आज माझ्या घरात बघणारं कुणी नाही, तरी ड्रम भरताना माझं पोट आपोआप आत जातं.