सेल्माची हाक

सेल्माच्या बापाचं नाव मी इथे घेणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आमच्या अर्नहेम लँडमध्ये माणूस गेला की वर्षानुवर्षं त्याचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर ती हाक होते, आणि तो येतो.

सेल्मा साखरेच्या दुखण्यापायी सहा वर्षं शहरात पडून होती. पाव, डब्यातलं मांस आणि दिवसभर टीव्ही. पायाची जखम चिघळत गेली. पावसाळ्यापर्यंत भरली नाही तर पाऊल कापायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा तिने रेंजरची नोकरी करणाऱ्या भाच्याला, क्लान्सीला बोलावलं आणि बापाच्या रानात सोडायला लावलं.

दोन वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हापासून रान मोकळं राखायला दरसाल गवताला घालायचा तो जाळ कुणी घातला नव्हता. गवत पुरुषभर वाढलं होतं. एकही पक्षी बोलेना.

डोहाशी आलं की घरच्या थोराने आपण कोण आलोय ते तिथल्या गेलेल्या जुन्या माणसांना ओरडून सांगायचं असतं. हे काम कायम बापाचं. सेल्मा त्याच्या मागे उभी असायची. आज तिने ओरडायला तोंड उघडलं, आणि सवयीने आधी बापाचंच नाव बाहेर पडलं.

क्लान्सीने तिचा दंड धरून मागे ओढलं. "आत्या, काय केलंस हे!"

पलीकडच्या काठावरून कुणीतरी खाकरलं.

"गाडीत बस आत्या. आत्ताच्या आत्ता."

"गाडीत बसले की पाऊल गेलंच समज. ते तिकडे टाकतील, आणि बाकीची मी इथे पुरायला आणशील. बस गप."

तिने काखेतला घाम त्याच्या डोक्याला चोळला, पाण्याला वास कळावा म्हणून, आणि गवताला काडी लावली. वारा फिरला. जाळ गाडीकडे वळला, तोच गाडीच्या अलीकडे धुराची एक बारीक, सरळ रेघ उठली. अंगावर येणारा जाळ अडवायला बाप समोरून अशीच जाळाची रेघ ओढायचा. दोन्ही जाळ भेटले आणि विझले. सेल्माने मान वर केली नाही, पण तिला रडू फुटलं.

ती राहिली. रोज मैलोन् मैल चालायची, कंद खणायची, मासे धरायची, तुकड्यातुकड्याने गवत जाळायची. पुष्कळदा सकाळी गेली, तर पुढचा तुकडा आधीच जळून गार झालेला असायचा. पक्षी परतले. साखर उतरली. ढग जमायच्या आधी जखम कोरडी झाली.

दर पंधरवड्याला येणारी नर्स त्या दिवशी पट्टी न बांधताच उठली. "पाऊल वाचलं, सेल्मा. रान मानवलं तुला."

सामान आवरताना ती डोहापलीकडे पाहून हसली. "ते आजोबा नेहमी तिथेच उभे असतात. किती थकलेले दिसतात! बोलाव ना, त्यांनाही तपासते."

सेल्माने तिकडे पाठ केली.

"मीच बोलावलंय त्यांना," ती म्हणाली. "आता 'जा' कसं म्हणायचं, ते मला येत नाही."