एका घराचा फरक
मोहफुलांचा वास आला की त्र्याऐंशीचा उन्हाळा आठवतो. आलापल्लीच्या विहारासाठी मी आणि माय मॅटीच्या मोठ्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी बुद्ध भरत होतो. चेहऱ्याकडून ती, आसनाकडून मी. बुद्धपौर्णिमा दीड महिन्यावर असताना दोघींचे टाके गळ्याशी भेटले, तर एका घराचा, मॅटीच्या एका चौकोनाचा, फरक. मला रडूच फुटलं. “माय, तूच मोजायले चुकली.” “असंन. मले बराबर दिसून नाई राह्यलं. उसव मंग,” माय म्हणाली. तिनं हिवाळाभर भरलेला चेहरा मी उसवला. ती दारातल्या उजेडात बसून, डोळे पुसत पुन्हा भरू लागली, तेव्हा कुठे मी नमुन्याच्या कागदावरची घरं मोजली. चूक माझी होती. शेवटचा टाका घालून तिनं विचारलं, “आता जुळलं ना?” मी हो म्हणाले. विहारात आजही मी त्या चेहऱ्याकडे न बघताच हात जोडते.