आवतण मागणारी मांजर

लोह्याच्या बस स्टँडमागं एक बाई खानावळ चालवायची. तिचं नाव मी कधी विचारलं न्हाई. घरी माझ्या सुनेनं ताट वाढलं, पण ‘जेवायला या’ म्हणली न्हाई, म्हणून मी रुसून तिथं जेवायला जात होतो. आमच्यात बोलावल्याशिवाय थोरला माणूस ताटावर बसत न्हाई. हे रुसणं मी बाईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

बाईची एक पांढरी मांजर होती. मी पहिला घास मोडला की ती पंजानं माझा तांब्या आडवा पाडायची. धोतर भिजायचं. भाकरीचा तुकडा टाकला तर हुंगायचीबी न्हाई.

बाई भाकर थापता थापता मनगटानं कपाळाचा घाम पुसायची आन् हसायची. “बाबा, तिला नुसती भाकर नको, मान पायजे. ‘ये जेवायला’ म्हणा.”

“मांजरीला आवतण? मी न्हाई देत.”

“मग भिजा.”

तीन दिवस भिजलो. चवथ्या दिवशी इकडंतिकडं बघून हळूच म्हणलो, “ये बाई जेवायला.” मांजर शेपटी गुंडाळून शेजारी बसली आन् तिनं तीच भाकर गुमान खाल्ली.

बाईनं तव्यावरची भाकर उलटवली. माझ्याकडं न बघताच म्हणली, “आन् तुमी घरी कुणाचा तांब्या पाडून आलाव, बाबा?”

मी हात धुऊन उठलो.

त्या सांजेला घरी गेलो. सून भाजीला फोडणी देत होती. मी दारातूनच म्हणलो, “सुनबाई, ये जेवायला.”

ती पदर तोंडाला लावून हसली. “मामा, आधी तुमी तर या!”

तेवढं बोलावणं मला पुरलं.