बगळ्याच्या जागी कवटी

वेल्डरबीच्या टेकडीवरील वाड्यात सर एव्हरार्ड स्केल्डन निवर्तले आणि त्यांच्याबरोबर 'सर' हा वंशपरंपरेचा किताबही निवर्तला. आठ पिढ्या तो बापाकडून मुलाकडे आला होता. नवव्या पिढीला तो घ्यायला कोणी उरले नव्हते. कायद्याच्या लेखी तरी नव्हते.

तिसऱ्या दिवशी वाड्याचे कारभारी क्रॉपली चित्रकार एनॉक थर्लबीच्या दारात आले. घराण्यात मृत्यू झाला की कोनावर उभी केलेली चौकोनी काळी फळी, वर घराण्याची ढाल, तिच्या माथ्यावर बगळा, असा शोकफलक रंगवून देवळात टांगायचा; आणि तो थर्लबींनीच रंगवायचा, हा तिथला रिवाज.

"एनॉकबाबा, या खेपेला बगळा नको," कारभारी म्हणाले. "वंश खुंटला की माथ्यावर कवटी काढतात, हे मी तुम्हाला काय सांगावं?"

"ठाऊक आहे, साहेब."

"रविवारच्या आत हवा. हात थरथरतो का हो तुमचा?"

"हात नाही थरथरत," एनॉक म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाने ढाल रंगवली, सोनेरी रेघ ओढली. परंतु माथ्यावरची जागा दोन दिवस कोरीच राहिली. खिडकीतून समोरचा कारखाना दिसे. तिथे त्याचा नातू र्‍यूबेन गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवीत असे. उंचापुरा, एकतीस वर्षांचा, आणि मधोमध उंचावलेले ते स्केल्डनांचे नाक. साऱ्या गावाला ठाऊक होते की तो धाकट्या मालकांचा, म्हणजे सर एव्हरार्डच्या एकुलत्या एका मुलाचा, लायोनेलचा मुलगा. आणि लग्नावाचून जन्मलेल्याला किताब मिळत नाही, हेही साऱ्या गावाला ठाऊक होते.

गावाला ठाऊक नव्हते ते एवढेच. लायोनेल आणि एनॉकची लेक केझाया यांनी लग्न ठरवले होते. लग्नापूर्वी लागोपाठ तीन रविवार देवळात वधूवरांची नावे पुकारावी लागतात. त्यांनी त्यासाठी दूरच्या शहरातले, जिथे कोणी त्यांना ओळखत नव्हते, असे देऊळ निवडले. दोन रविवार निर्विघ्न पार पडले. तिसऱ्याच्या आधी एनॉकला सुगावा लागला. ज्यांचे मीठ तीन पिढ्या खाल्ले, त्यांच्या निर्मळ कुळात रंगाऱ्याची पोर शिरणार! कुलरक्षणाच्या त्या पवित्र भावनेने तो टोपी हातात घेऊन वाड्याच्या मागच्या दाराशी उभा राहिला आणि सारे सांगून मोकळा झाला. सर एव्हरार्डनी त्याचा हात हातात घेतला. उभ्या जन्मात एकदाच. लायोनेलला सक्तीने जहाजावर चढवून वेस्ट इंडीजला धाडले. वर्षाच्या आत तो तापाने गेला. र्‍यूबेन मात्र जहाज सुटल्यापासून सातव्या महिन्यातच जन्मला होता. ज्या निष्ठेने कुळ राखायचे, तिनेच कुळाचा उच्छेद केला होता.

शनिवारी दुपारी केझाया पाव आणि चहा घेऊन आली. कोरी जागा पाहून थांबली.

"अजून नाही काढली?"

"केझाया, तुला एक सांगायचंय. त्या वेळी वाड्यावर कोणी कळवलं ते..."

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, बाबा." तिने कप खाली ठेवला. "रविवारचा कोट तुम्ही बुधवारी घातला होतात. घरी आल्यावर तो दोनदा झटकलात. तुमच्या अंगाला कधी इतकी धूळ लागली नव्हती."

"मग एकतीस वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही क्षमा मागितली असती. ती द्यावी लागली असती."

तिने टेबलावरचा कुंचला उचलून एनॉकच्या हातात दिला, जणू काठी द्यावी तसा.

"काढा आता. तुमच्याच हातची आहे ती."

त्याने काढली. आयुष्यातली सर्वांत रेखीव कवटी काढली.

रविवारी देवळात शिडीवर चढायला उंच माणूस हवा होता; अर्थातच र्‍यूबेन चढला. खिळा ठोकून त्याने फलक सरळ केला आणि हसून खाली ओरडला, "आजोबा, बरं झालं कवटीला नाक नसतं! नाहीतर लोक म्हणाले असते, माझीच काढलीत."

खाली बाकांवर थोडे लोक हसले. केझाया हसली नाही. एनॉकने टोपी काढली. कोणापुढे, ते त्यालाच उमगले नाही.